करवीरचा हुकूम आणि यादीबाहेरची माणसे

बाहेरगावचे पाहुणे कोल्हापुरात आले म्हणजे आम्ही त्यांना रंकाळ्यावर नेण्याआधी दसरा चौकात नेतो. राजर्षी शाहू महाराजांच्या पुतळ्यापाशी उभे राहून सभोवार पाहिले की दिगंबर जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग अशा पाट्या दिसतात. आणखी थोडे चालले की दुसऱ्या एखाद्या समाजाची पाटी भेटते. पाहुणे बहुधा एकच शंका काढतात : जातवार वसतिगृहे काढून जातिभेद कसा मोडणार? शंका रास्त आहे. परंतु या पाट्यांआड तिच्याहून अवघड असा एक प्रश्न उभा आहे, आणि तो दरवर्षी जून महिन्यात, शाळा-महाविद्यालयांचे प्रवेश सुरू झाले की, आमच्या धर्मग्रामाच्या कचेरीत येऊन आमच्यासमोरच्या खुर्चीवर बसतो. राज्याकडून मिळणारे साहाय्य कोणाचे? ते कोणी मागावे, कोणी मागू नये, आणि हे ठरवावे कोणी?

हा वाद दिल्लीत जन्मला असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. वस्तुतः त्याचे एक महत्त्वाचे पान आपल्याच गावात लिहिले गेले आहे. सातव्या एडवर्ड राजाच्या राज्यारोहणासाठी महाराज इंग्लंडात गेले असताना, २६ जुलै १९०२ रोजी, करवीर सरकारच्या गॅझेटात एक हुकूम प्रसिद्ध झाला. त्या तारखेपासून रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांतील उमेदवारांना द्याव्यात. ज्या कचेरीत या वर्गांचे प्रमाण निम्म्याहून कमी असेल तेथे पुढची नेमणूक त्यांच्यातूनच करावी. आणि प्रत्येक खात्याच्या प्रमुखाने केलेल्या नेमणुकांचा तक्ता दर तीन महिन्यांनी सरकारकडे पाठवावा, असा त्याचा आशय होता. आम्हांला या तिसऱ्या कलमाचे फार कौतुक वाटते. उदार घोषणा करणारे राजे पुष्कळ झाले. तिमाही तक्ता मागणारे थोडे.

हुकमामागची परिस्थिती आकड्यांत सांगितलेली बरी. १८९४ साली महाराजांनी राज्यकारभार हाती घेतला तेव्हा सर्वसाधारण प्रशासनातल्या एकाहत्तर अधिकाऱ्यांपैकी साठ ब्राह्मण होते, आणि पाचशे कारकुनी जागांपैकी ब्राह्मणेतरांच्या वाट्याला अवघ्या दहा आल्या होत्या. रयतेत बहुसंख्य कोण, आणि तिचे अर्ज वाचणारे कोण, हे यावरून ध्यानात यावे. १९१२ पर्यंत चित्र पालटले. पंच्याण्णव अधिकाऱ्यांत ब्राह्मण पस्तीस उरले.

आता हुकमातली व्याख्या पाहू, कारण आमच्या दृष्टीने सारे मर्म तेथे आहे. मागासलेले म्हणजे कोण? हुकूम त्यांची नावे देत नाही. तो उलट बाजूने चालतो : ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सर्व. ज्यांना आधाराची गरज नाही त्यांची नावे लिहिली, आणि उरलेल्या साऱ्या रयतेला दार उघडे ठेवले. त्यामुळे मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान, महार, मांग, चांभार यांपैकी कोणालाही आपले हीनत्व सिद्ध करण्यासाठी कागद घेऊन दारोदार फिरावे लागले नाही. सिद्ध करायचेच झाले तर ते एवढेच की आपण त्या चारांत नाही.

या व्याख्येत धर्माची अट नाही, हेही वाचकांच्या सहज लक्षात येणार नाही. पारशी हिंदू नव्हेत. तरी त्यांना वगळण्यासाठी त्यांचे नाव घ्यावे लागले. म्हणजे हुकूम लिहिणाऱ्याने हिंदूंपुरताच विचार केला नव्हता. अहिंदूही आपोआप आत धरले जातील हे त्याला ठाऊक होते. त्या शब्दांप्रमाणे कोल्हापूरचा गरीब ख्रिस्ती माणूसही दाराच्या आतच उभा होता. त्याला कोणी मुद्दाम आत बोलावले नाही. बाहेर मात्र कोणी ठेवले नाही.

अर्थात हा हुकूम निर्दोष होता असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. "इतर पुढारलेले वर्ग" कोणते, हे त्याने सांगितले नाही, आणि न सांगितलेल्या गोष्टींचा अर्थ नेहमी साहेबाच्या खुर्चीत बसलेला माणूस लावतो. दुसरे असे की, बाकीच्या सर्वांना एकाच पंक्तीला बसवल्यावर त्यांच्यातला बळकट आधी जेवतो. शेतीवाडी असलेला मराठा आणि वेशीबाहेरचा मांग दोघेही मागासलेले. पण पहिली जागा कोणाला मिळणार हे सांगायला ज्योतिषी नको. महाराजांनाही हे दिसले असावे. नंतरच्या वर्षांत त्यांनी अस्पृश्यांसाठी निराळी पावले टाकली : १९०८ साली मिस क्लार्क वसतिगृह, १९१८ साली महार वतनाचे उच्चाटन, महारांच्या तलाठीपदावर नेमणुका, अस्पृश्यांना वकिलीच्या सनदा. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळाच बंद करून त्यांची मुले सर्वांच्या शाळेत बसवण्याचा हुकूम निघाला. नोकरीचा हुकूम एका ओळीत सर्वांना सामावणारा होता. पाठोपाठचे हे निर्णय मात्र एकेका समाजाच्या दुखण्यावर बोट ठेवून घेतलेले दिसतात.

विरोध झालाच. तेव्हा वेदोक्ताचा वाद पेटलेला होता, आणि त्यात पुण्याच्या 'केसरी'ने महाराजांविरुद्ध बाजू धरली होती. नोकऱ्यांबाबत विरोधकांचे म्हणणे आजही जसेच्या तसे ऐकू येते : जागा लायकीवर द्याव्यात, जातीवर नव्हे. या संदर्भात सांगलीच्या अभ्यंकर वकिलांची गोष्ट कोल्हापुरात घरोघरी सांगितली जाते. अभ्यंकरांनी लायकीचा मुद्दा काढताच महाराज त्यांना पागेत घेऊन गेले. तेथे प्रत्येक घोड्याच्या तोंडाला स्वतंत्र तोबरा बांधलेला होता. महाराजांनी तोबरे सोडवले, सारे हरभरे एका जाजमावर ओतायला लावले आणि घोडी मोकळी केली. धट्टीकट्टी जनावरे तुटून पडली. म्हातारी, आजारी घोडी आणि शिंगरे लाथांच्या भीतीने दूर उभी राहिली. अभ्यंकर काय समजायचे ते समजले.

गोष्ट चोख आहे. आम्हीही ती प्रवचनात सांगितली आहे. पण वय वाढले तसा आम्हांला तिच्यात एक अपुरेपणा जाणवू लागला. घोडा म्हातारा आहे की शिंगरू, हे मोतद्दाराला डोळ्यांनी दिसते. माणसांच्या पागेत ते दिसत नाही. कोणाच्या तोंडाला तोबरा बांधायचा हे ठरवण्यासाठी तेथे यादी लागते, आणि यादी आली की वाद आलाच.

महाराजांच्या राज्याला 'वसतिगृहांची जननी' म्हणतात. त्या वसतिगृहांच्या यादीत मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत, नामदेव शिंपी, दैवज्ञ, चांभार-ढोर अशी नावे आहेतच; पण सारस्वतांचे वसतिगृह आहे, प्रभूंचे आहे आणि हिंदी ख्रिस्ती विद्यार्थ्यांचेही आहे. म्हणजे ज्या शेणवी-प्रभूंना १९०२ च्या हुकमाने राखीव नोकऱ्यांतून नावे घेऊन वगळले, त्यांच्या मुलांच्या निवाऱ्याची सोय त्याच राज्यात झाली. गंमत अशी की महाराजांचे दिवाण रघुनाथराव सबनीस स्वतः प्रभू होते आणि ते वसतिगृह त्यांच्याच नावाने ओळखले गेले. यात विसंगती शोधणारे शोधोत. आम्हांला यात विवेक दिसतो. सत्तेच्या जागांची वाटणी हा एक प्रश्न, आणि खेड्यातून शिकायला आलेल्या पोराला डोके टेकायला जागा देणे हा दुसरा. पहिल्यात कोण किती वर्षे खुर्चीत बसला ते विचारावे लागते. दुसऱ्यात पोर कोठून आले आणि त्याला शहरात कोणी आहे का, एवढे पुरते. आज आपण दोन्ही प्रश्न एकाच दाखल्यावर सोडवू पाहतो.

ख्रिस्तसभेला या वादाची ओळख पहिल्या शतकापासून आहे. 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथाचा सहावा अध्याय वाचकांनी काढून पाहावा. यरुशलेमच्या पहिल्या श्रद्धावंतांत ग्रीक बोलणाऱ्यांची तक्रार होती की रोजच्या वाटपात त्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होते. साहाय्य होते, धान्य होते, प्रेम होते असेही म्हणू. तरी भाषेने परक्या असलेल्या बायका वगळल्या गेल्या. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना उपदेश केला नाही. सात माणसे निवडून वाटपाचे काम त्यांच्या हाती दिले, आणि त्या सातांची नावे पाहिली तर ती सारी ग्रीक आहेत. पुढे तिमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात तर चक्क यादीचे नियम येतात : विधवा साठ वर्षांच्या आतील नसावी, तिला पोसणारे मुलगे-नातू असतील तर भार मंडळीवर टाकू नये. अशी पडताळणी इंग्लंडलाही चुकली नाही. तेथे वृद्धांना निवृत्तिवेतन देणारा कायदा १९०८ साली झाला, त्यात सत्तर वर्षांवरील गरिबांना आठवड्याला पाच शिलिंग ठरले. पण काम करण्याची टाळाटाळ ज्याच्या अंगवळणी पडली होती त्याला वगळण्याची तरतूदही होती. देणाऱ्याचा हात रिकामा नसला तरी तो मोजूनच देतो, हे सगळीकडचे खरे आहे.

परत आपल्याकडे येऊ. मुंबई इलाख्यात १९२८ साली स्टार्ट समिती नेमली गेली; डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि ठक्करबाप्पा तिचे सभासद होते. १९३० च्या तिच्या अहवालाने मागासलेल्यांचे तीन गट केले : दलित वर्ग, आदिवासी व डोंगरी जमाती, आणि इतर मागासवर्ग. येथून पुढे कोल्हापूरची उलटी यादी मागे पडली आणि सुलटी यादी सुरू झाली. आता गरजू नसलेल्यांची नव्हे, तर गरजूंची नावे लिहायची होती.

१९३५ च्या कायद्यानुसार निवडणुका घेण्यासाठी १९३६ साली अनुसूचित जातींची अधिकृत यादी निघाली. तिच्यातच स्पष्ट म्हटले होते की हिंदी ख्रिस्ती माणूस अनुसूचित जातीचा मानला जाणार नाही. त्याचे कारण आज आपण विसरलो आहोत. ख्रिस्ती समाजाला त्याच कायद्याने स्वतंत्र मतदारसंघ मिळाला होता. एकाच मतदाराची गणती दोन्हीकडे होऊ नये, हा त्यामागचा हिशेब. मतदानाच्या सोयीसाठी आखलेली ती रेघ होती. पुढे १९४९ च्या मे महिन्यात घटना समितीत धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा सोडून देण्याचा प्रश्न आला, तेव्हा समितीचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी आणि येशूसंघीय फादर जेरोम डिसोझा या आपल्याच माणसांनी त्याला मोठ्या मनाने पाठिंबा दिला. आम्हांला त्यांचा अभिमान आहे. मात्र आपण राखीव जागा सोडल्या, वेगळा मतदारसंघ गेला, त्या हिशेबाचे मूळ कारण उरले नाही. आणि रेघ मात्र राहिली.

कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. त्यानंतर दीड वर्षाच्या आत, १० ऑगस्ट १९५० रोजी, राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींबाबतचा आदेश निघाला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाने हिंदू धर्माहून वेगळा धर्म पाळणाऱ्याला अनुसूचित जातीतून वगळले. १९५६ साली त्यात शिखांची भर पडली. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला, आणि कालपर्यंत यादीत असलेली माणसे केंद्राच्या लेखी एका दिवसात यादीबाहेर गेली. महाराष्ट्र राज्याने आपल्यापुरती नवबौद्धांची सोय लवकर केली. केंद्राला मात्र त्यासाठी १९९० साल उजाडावे लागले. आदिवासींच्या यादीला अशी धर्माची अट कधीच नव्हती. ख्रिस्ती झालेला आदिवासी आदिवासीच राहतो. ख्रिस्ती झालेला महार किंवा मांग मात्र कागदोपत्री दुसराच कोणी होतो, जरी त्याचे घर, त्याचा धंदा आणि गावाची त्याच्याकडे पाहण्याची नजर होती तेथेच असली तरी.

हे किती खोलवर जाते ते सूसै नावाच्या माणसाच्या खटल्यावरून कळते. मद्रासच्या रस्त्याकडेला बसून जोडे शिवणारा हा चर्मकार. सरकारने अशा कारागिरांना मोफत टपऱ्या देण्याची योजना काढली. याच्या शेजारी बसणाऱ्या हिंदू चर्मकारांना टपऱ्या मिळाल्या, याला नाही. कारण हा ख्रिस्ती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८५ साली निकाल लागला तो त्याच्या विरुद्ध. ख्रिस्ती समाजात गेल्यावरही त्या जातीची दुरवस्था तितक्याच तीव्रतेने टिकून राहते हे पुराव्याने दाखवलेले नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले.

या निकालाने आपल्यापुढे जो पेच टाकला त्याविषयी आपण आपसांत फार कमी बोलतो. न्यायालयाने पुरावा मागितला तो ख्रिस्तसभेतील जातिभेदाचा. म्हणजे दलित ख्रिस्ती बांधवाला हक्क मिळवायचा तर आपणच शपथेवर सांगायचे की आमच्या मंदिरात, आमच्या दफनभूमीत, आमच्या सोयरिकीत जात आहे. आणि ती आहे. तामिळनाडूत मेलेल्यांनाही जातीनुसार वेगळे करणारी भिंत दफनभूमीत उभी राहिली. २००३ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी तेथील महागुरुस्वामींना जातिभेदाविषयी स्पष्ट शब्दांत बजावले. २०१६ साली भारतीय महागुरुस्वामींच्या परिषदेने दलितांविषयीच्या धोरणपत्रात आपला दोष कबूल केला. आपल्या मराठी मुलखातही लग्नाची बोलणी सुरू झाली की "मूळचे कोण?" हा प्रश्न हलक्या आवाजात येतोच. रविवारी आम्ही वेदीवरून सांगतो की ख्रिस्तात भेद नाही, आणि सोमवारी अर्ज लिहितो की भेद आहे म्हणून साहाय्य द्या. दोन्ही विधाने खरी आहेत, हीच अडचण आहे.

विरुद्ध बाजूचे म्हणणेही ऐकून घेतले पाहिजे. यादीतले हिंदू आणि बौद्ध बांधव विचारतात, भाकरी तेवढीच असताना पंक्ती वाढली तर आमच्या ताटात काय उरणार? हा द्वेष नव्हे. शतकानुशतके उपाशी राहिलेल्याची भीती आहे. कित्येक जण असेही म्हणतात की ज्या धर्माच्या शिकवणुकीत जात नाही, त्याच्या अनुयायाने जातीच्या नावावर काही मागू नये. न्या. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली धर्माची अट काढून टाकण्याची शिफारस केली, तेव्हा आयोगाच्या सदस्य-सचिव आशा दास यांनी भिन्नमतपत्रिका जोडली होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली हाच प्रश्न तपासायला आणखी एक आयोग नेमला गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका महिलेच्या प्रकरणात, प्रत्यक्षात ख्रिस्ती धर्म पाळून केवळ नोकरीच्या आरक्षणासाठी हिंदू म्हणवणे ही राज्यघटनेची फसवणूक ठरते, असा निर्णय दिला. मंडल आयोगाने धर्मांतरित दलितांना इतर मागासवर्गात गणण्यास सांगितले होते, हे येथे नमूद करणे न्यायाचे होईल. पण त्या पंक्तीत पोटजातींची गर्दी मोठी, आणि तेथे पुन्हा १९०२ चाच अनुभव येतो. बळकट आधी जेवतो.

मराठा समाजाच्या आरक्षणाचा वाद आम्ही येथे लांबवणार नाही. १९०२ च्या हुकमाने ज्यांना मागासलेले म्हटले त्यांना मंडल आयोगाने तसे मानले नाही. राज्याने २०१८ साली केलेला कायदा २०२१ मध्ये रद्द ठरला आणि २०२४ मध्ये नवा कायदा झाला. सवर्णांतील गरिबांसाठी २०१९ साली दहा टक्के जागा राखल्या गेल्या. गरीब ब्राह्मणाच्या पोराचे काय, या शाहूकालीन प्रश्नाला ते उत्तर म्हणता येईल. त्या उत्तराला धर्माची अट नाही हेही विशेष. उत्पन्न बसले तर खुल्या वर्गातला ख्रिस्तीही त्यात बसतो. ज्याचा पणजोबा वेशीबाहेर राहत होता त्या ख्रिस्ती माणसाला पणजोबाची जात सांगण्याची मात्र मुभा नाही.

आमच्या एका पूर्वीच्या धर्मग्रामातील गोष्ट सांगतो. परिचारकाच्या शिक्षणाला प्रवेश मिळवू पाहणारा एक मुलगा आमच्याकडे आला. शाळेच्या दाखल्यावर त्याच्या वडिलांनी हिंदू जात लिहवली होती. जात पडताळणीत कोणी तरी तक्रार केली होती. आपला स्नानसंस्कार झालेला नाही असे पत्र त्याला आमच्याकडून हवे होते. त्याचा स्नानसंस्कार आमच्याच पूर्वसूरींनी केला होता. नोंद आमच्यासमोर उघडी होती. आम्ही पत्र दिले नाही. खोटे लिहिणे शक्य नव्हते, असे आम्ही तेव्हा स्वतःला सांगितले आणि आजही तेच सांगतो. परंतु त्याला बसवून घेऊन, दुसरी कोणती वाट आहे का, कोणाकडून फी उभी राहील का, हे विचारायला आम्ही चुकलो. आमच्या ट्रस्टच्या खात्यात त्या वर्षी थोडीफार शिल्लक होती. आम्हांला त्याच्या पत्राचा राग आला होता, आणि रागात शिल्लक आठवत नाही.

तो पुन्हा आला नाही. त्याची आई बरीच वर्षे दर रविवारी सकाळच्या मिस्साला यायची आणि मागच्या बाकावर बसायची. आमची बदली झाली त्या दिवशी निरोपाच्या गर्दीत ती भेटली. मुलाचे लग्न झाले, एक नातू आहे, असे तिने सांगितले. नातवाचे नाव आम्ही विचारले. तिने नाव सांगितले, आणि लगेच हळू आवाजात म्हणाली, "फादर, ते वहीत लिहू नका हं."